गालातल्या पाच कपच्या

बँडमास्तर रुग्णालयात आले ते स्वतःच्या पायांनी चालत. डाव्या गालावर ओला रुमाल दाबलेला, शर्टावर रक्ताचे चार डाग, आणि मागोमाग त्यांची थोरली बहीण, हातात त्यांचा चष्मा घेऊन. काउंटरवरची सिस्टर नाव-पत्ता विचारणार तेवढ्यात त्यांनीच तिला विचारलं, "माझा वरचा ओठ आहे ना हो जागेवर? मला तो लागतच नाहीये."

ओठ होता. सुजून टम्म झाला होता, पण होता. सकाळी ते शेजाऱ्याच्या गाडीचं चाक बदलायला मदतीला गेले होते. जॅकवर वाकले, जॅक सरकला, लोखंडी दांडा उसळला आणि थेट गालफडावर बसला. ही सगळी हकिकत बहिणीने सांगितली आणि शेवटी पुस्ती जोडली, की याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण शेजारधर्माची हौस दांडगी.

शहरातल्या मोठ्या बागेत दर रविवारी सकाळी जो बँड वाजतो त्याचे हे प्रमुख. वय छप्पन्न. त्यांतली अडतीस वर्षं त्यांनी ट्रम्पेट ओठाला लावून काढलेली. लग्न केलं नाही, बहीण आणि ते एका घरात राहायचे. ती म्हणायची, याचं लग्न त्या पितळी नळीशी झालंय आणि सासू मी आहे.

त्यांना तपासायला आली ती डिंकताई. चेहऱ्याच्या हाडांची सर्जन, वय त्रेचाळीस, उंची बेताची, बोटं मात्र लांबसडक. विभागात सगळेच तिला डिंकताई म्हणत. पाठीमागे म्हणत, तोंडावर म्हणत, आणि तीही बिनदिक्कत ओ देई. सुताराची लेक. बापाच्या कारखान्यात लाकडाच्या भुश्यात खेळत मोठी झालेली, आणि बाराखडीच्या आधी डिंकाच्या डब्यांचे रंग ओळखायला शिकलेली. गेली चार वर्षं ती एका वैद्यकीय गोंदाच्या मागे हात धुऊन लागली होती. जखमेच्या कडा जोडायला जो गोंद डॉक्टर वापरतात, त्याच जातीचा. तो चेहऱ्याच्या पातळ हाडांना वापरता येईल, असं तिचं म्हणणं होतं. त्यापायी घरच्या फ्रीजचा वरचा कप्पा खाटकाकडून आणलेल्या हाडांनी भरलेला असे. प्रत्येक हाडावर तारखेची चिठ्ठी. एकदा तिच्या बाबांनी चिठ्ठी न वाचता त्यांतलं एक हाड उकळत्या सुपात टाकलं. दुसऱ्याचा प्रयोग पाण्यात जातो, हिचा सुपात गेला. तेव्हापासून तो कप्पा बाबांना वर्ज्य.

तिने बँडमास्तरांचा गाल हलक्या हाताने चाचपला. मग त्यांना डोळे मिटायला सांगून बोथट सुईने ओठाला ठिकठिकाणी स्पर्श केला. कुठे लागलं की बोट वर करायचं. बराच वेळ बोट वर झालं नाही. मग नाकपुडीच्या कडेला एकदा झालं, ओठाच्या कोपऱ्यावर एकदा झालं, तेही शंका घेत घेत. पण झालं. डिंकताईला तेवढं पुरे होतं. ओठाला जाणीव देणारी नस तुटलेली असती, तर बोट हललंच नसतं. नस दबलेली होती.

सीटी स्कॅनमध्ये ते स्पष्टच दिसलं. गालाचं हाड म्हणजे तंबूसारखं असतं. कडेला जाड खांब आणि मधे ताणलेलं पातळ कापड. दांड्याच्या माराने एक खांब दुभंगला होता, त्याचं काही विशेष नव्हतं. तशी हाडं पट्टी आणि स्क्रू लावून रोज जोडली जातात. पण मधली भिंत, जी जेमतेम अंड्याच्या टरफलाएवढी जाड असते, तिच्या पाच कपच्या झाल्या होत्या. आणि डोळ्याखालच्या ज्या भोकातून ओठाची नस बाहेर येते, ते भोक नेमकं या कपच्यांच्या मधोमध होतं. भोकाची कडच फुटली होती आणि तिचा एक तुकडा आत घुसून नसेवर रेलला होता.

आता विभागाचे प्रमुख. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. पस्तीस वर्षं त्यांनी पट्ट्या आणि स्क्रूंनी माणसांचे चेहरे उभे केले होते. डिंकताईच्या हातात पहिला स्क्रू त्यांनीच दिला होता आणि पहिल्या चुकीला बोलणीही त्यांनीच खायला लावली होती. वर्षअखेरीस ते निवृत्त होणार होते, नियमापेक्षा वर्षभर आधीच. का, ते कुणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. सरांचा उजवा हात अलीकडे थरथरू लागला होता. फार नाही. कप उचलताना बशी वाजायची, एवढंच.

सरांनी स्कॅन पाहिला आणि जे कुणीही सांगितलं असतं तेच सांगितलं. कपच्या काढून टाक, वर टायटॅनियमची जाळी बसव. इतक्या पातळ हाडात स्क्रू गेला तर पाचाच्या दहा होतील. डिंकताईने मान डोलावली. म्हणाली, बाकी कुणाचाही गाल असता तर मी तेच केलं असतं. पण जाळीची कड येणार बरोबर नसेच्या तोंडाशी. उद्या तिथे व्रण धरला आणि नस आवळली गेली, तर माणूस जेवेल, बोलेल, हसेल, पण ट्रम्पेट वाजवणार नाही. त्यापेक्षा त्याच्याच हाडाचं भोक त्याच्याच हाडाने पुन्हा बांधून दिलं तर?

"गोंदाने," सर म्हणाले.

"गोंदाने."

"अगं, नसेच्या तोंडाशी गोंद. सांडला थेंबभर तर? तो घट्ट होताना तापतो, हे तूच मला शिकवलंस. नस भाजून काढशील."

डिंकताईने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती एक पुठ्ठ्याचा डबा घेऊन सरांच्या खोलीत गेली. डब्यात कापसावर अंड्याचं टरफल होतं. त्याला एक भोक पाडून, भोकाची कड मुद्दाम तुकडे तुकडे करून, ती गोंदाने पुन्हा जोडलेली. भोकातून एक रेशमी दोरा आरपार. तुकडे जोडताना दोरा आतच होता, असं तिने सांगितलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. दोरा अडकला नाही. मागेपुढे, मागेपुढे, सुईतून ओवल्यासारखा सरकत राहिला.

"किती फोडलीस अंडी?"

"त्रेसष्ट, हे रुग्ण यायच्या आधीपासून. पहिली वीस वाया गेली. शेवटच्या एकोणीसपैकी एकाचाही दोरा चिकटला नाही. घरात आठवडाभर सगळे अंडीच खातायत."

सर हसले नाहीत, पण डबा त्यांनी परतही दिला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, जाड खांब मी जोडून देतो, त्यात मला कुणी शिकवायला नको. पातळ भिंत तुझी. मी कडेला उभा असेन आणि मला नको वाटलं तर मी थांबवेन. डिंकताईला याहून जास्त काही हवंच नव्हतं.

राहिले बँडमास्तर. गोंद वापरायची परवानगी रुग्णालयाच्या समितीने तिला दीड वर्षापूर्वीच दिली होती, पण त्यात एक अट होती. रुग्णाला सगळं खरंखुरं सांगायचं, हातचं राखून नाही. ती त्यांच्या पलंगाशी स्टूल ओढून बसली आणि तिने कागदावर गालाचं चित्र काढलं, पाची कपच्यांसकट. जाळी म्हणजे काय, गोंद म्हणजे काय, कशात काय बिघडू शकतं, ते एकेक करून सांगितलं. बँडमास्तरांनी मधे एकच प्रश्न विचारला. आजवर किती जणांना असं चिकटवलंत?

"सात जणांना," ती म्हणाली. "सहा जणांचं उत्तम आहे. सातव्याची एक कपची निसटली, ती काढावी लागली. आणि एक सांगते, त्या सातांत कुणाचंही हाड नसेच्या इतकं जवळ फुटलेलं नव्हतं. तसे तुम्ही पहिलेच."

बहीण इतका वेळ चष्म्याच्या काचा पुसत बसली होती. तिने मान वर केली. "आणि तुम्हाला धाकधूक नाही वाटत?"

"माझ्या हाताची नाही वाटत. वाटली असती तर मी जाळी बसवली असती आणि तुम्हाला कळलंही नसतं. शरीर काय करेल, ते मात्र माझ्या हातात नाही. त्याची हमी मी देत नाही."

बँडमास्तरांनी उशीखाली हात घातला आणि ट्रम्पेटचं मुखपात्र काढलं. पितळेची ती छोटीशी वाटी त्यांनी दवाखान्यातही जवळ ठेवली होती. ती त्यांनी ओठाकडे नेली. अडतीस वर्षं अंधारातसुद्धा न चुकता जाऊन बसणारी ती वाटी आधी नाकाखाली टेकली, मग हिरडीवर घासली. त्यांना ओठ सापडेना. शेवटी त्यांनी बहिणीकडून छोटा आरसा मागून घेतला, आरशात बघून ती जागेवर नेली आणि हलकेच फुंकलं. ओठाच्या कडेने लाळ ओघळली. बहिणीने रुमाल पुढे केला.

"कागद आणा," ते म्हणाले. "कुठे सही करायची ते दाखवा."

सूज उतरायला सहा दिवस द्यावे लागले. त्या दिवसांत डिंकताईने अंडी फोडायची थांबवली. घरी बाबांनी विचारलं, आता सराव का नाही? ती म्हणाली, झाला तेवढा पुरे, आता हाताला नजर लागेल. बाबांनी आयुष्यभर कपाटं आणि खुर्च्या जोडल्या होत्या, त्यांना हे लगेच पटलं. त्यांचं म्हणणं एवढंच, की पोरी, दोन गोष्टी सांभाळ. जोडायची जागा कोरडी हवी आणि धरणारा हात मुका हवा. मुका म्हणजे न हलणारा. डिंक आपलं काम करतो, माणसालाच दम नसतो. मग दोघं गप्पा मारत जेवले. अंडी नव्हती.

ऑपरेशन सकाळी साडेआठला सुरू झालं. चेहऱ्यावर चीर घ्यावी लागली नाही. ओठ वर उचलून, हिरडीच्या वरून आत शिरता येतं. सरांनी खांबाची दोन टोकं जुळवली, दोन पट्ट्या बसवल्या आणि स्क्रू आवळले. हात थरथरत असतील तर ते कुणाला दिसलं नाही, कारण स्क्रू आवळताना हाताला आधार मिळतो आणि मनगटात जोर असतो. वीस मिनिटांत खांब उभा राहिला. सर बाजूला झाले. "घे," म्हणाले.

डिंकताईने आधी नस मोकळी केली. तिच्यावर रेललेला तुकडा अलगद उचलला आणि खाली पांढरट, दोऱ्याएवढी जाड नस दिसली. चेपलेली, पण अखंड. तिने सिलिकॉनची एक मऊ पातळ पट्टी नसेभोवती बाहीसारखी गुंडाळली आणि तिला वरून निर्जंतुक मलम चोपडलं. आता गोंद सांडलाच, तर बाहीवर पडेल. पाची कपच्या सिस्टरने ओल्या कापडावर ओळीने मांडल्या होत्या, कागदावरच्या चित्रासारख्याच.

पहिल्या दोन कपच्या तिने बाहेर, ट्रेमध्येच एकमेकींना जोडल्या. सुईच्या टोकावर मावेल एवढा निळसर थेंब, एका कडेला. मग कडेला कड. सिस्टर मोठ्याने आकडे मोजत होती, साठपर्यंत. साठाला डिंकताईने हात सोडला. जोडी अभंग राहिली. ती जोडी उचलून आत बसवली, वरची कड कोरडी केली, थेंब, पुन्हा साठ. मग तिसरी कपची. बाहीभोवती भोकाची अर्धी कमान उभी राहिली आणि डिंकताईच्या खांद्यांतला ताण थोडा सैल झाला. इथवर सगळं अंड्यासारखंच होतं.

चौथी कपची खालची. तिथे रक्त पाझरत होतं. अंड्याला रक्त नसतं. तिने कापसाचा बोळा दाबला, जागा कोरडी झाली, थेंब टाकला, कपची टेकवली, तोवर खालून पुन्हा ओलं. कपची घसरली आणि तिच्या हातमोज्यालाच चिकटली. तिने शांतपणे कपची सोडवली, तिची कड घासून घेतली आणि मोजा बदलला. दुसऱ्यांदाही तेच. एका हाताने कोरडं ठेवायचं, दुसऱ्याने थेंब द्यायचा आणि मिनिटभर कपची धरायची, हे तीन हातांचं काम होतं.

तिने मान वर केली. सिस्टरचे दोन्ही हात ओठ मागे धरण्यात गुंतलेले होते.

"सर, ही तुम्ही धरा."

भूल देणारे डॉक्टर आपल्या पडद्याकडे जरा जास्तच लक्ष देऊन बघू लागले. सर जागचे हलले नाहीत. मास्कमागून हळू आवाजात म्हणाले, "माझा हात? तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे. वर्षभर बघतेय. तुमचा हात अधांतरी असला की थरथरतो. टेकलेला असला की नाही. मनगट त्यांच्या कपाळावर टेकवा."

हे ती सरांचं मन राखायला म्हणत नव्हती. खरोखरच तिने वर्षभर पाहिलं होतं. कप उचलताना वाजणारी बशी पाहिली होती, आणि टेबलावर कोपर टेकून सही करताना सरळ उमटणारी अक्षरंही पाहिली होती. तिला त्या हाताची खात्री होती. सरांनाच नव्हती.

सर पुढे आले. बारीक चिमटा घेतला. मनगट बँडमास्तरांच्या कपाळावर ठेवलं, करंगळी भुवईच्या हाडावर रोवली. चिमट्याचं टोक एकदा थरथरलं, मग थांबलं. डिंकताईने जागा कोरडी केली, रक्त थांबवणाऱ्या औषधाचा बोळा धरून ठेवला, थेंब दिला. सरांनी कपची टेकवली. सिस्टरने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सरांच्या कपाळावर घाम आला, तो कुणीतरी टिपला. तीस. चाळीस. चिमट्याचं टोक जणू हाडातच उगवलेलं होतं. साठ म्हटल्यावरही सरांनी सोडलं नाही. आणखी दहा मोजून मग सोडलं. कपची जिथल्या तिथे.

"मिनिटभर धरायला सांगितलं की सत्तर धरायचं," सर म्हणाले. "हे तुला शिकवायचं राहिलं होतं."

पाचवी कपची सगळ्यांत लहान, तांदळाच्या दाण्याएवढी. ती बसली असती, तर भोक पूर्ण गोल झालं असतं. डिंकताईने ती चिमट्यात धरून दोनदा जागेशी नेली, दोनदा परत आणली. तिथे गोंदाला आणि नसेला मिळून पुरेशी जागा नव्हती. बाही काढून घेताना तो थेंब नसेला लागला असता. तिने कपची ट्रेमधल्या वाटीत टाकली आणि म्हणाली, राहू दे, तेवढी फट त्यांना परवडेल. मग त्याच फटीतून बाही अलगद ओढून काढली. सरांनी मान डोलावली. शाबासकी देण्याची त्यांची पद्धत तेवढीच होती.

पहिले सात दिवस दृष्ट लागावी इतके छान गेले. आठव्या दिवशी सकाळी बँडमास्तर बहिणीसोबत हजर. गाल फुग्यासारखा वर आलेला, आणि बोट दाबलं की कातडीखाली कुरकुर आवाज. डिंकताईने आवाज ऐकला आणि विचारलं, शिंकलात का? बँडमास्तरांनी खाली बघितलं. शिंकलो, म्हणाले. तोंड उघडं ठेवून शिंकायचं, शिंक दाबायची नाही, हे तिने जाताना तीनदा सांगितलं होतं आणि एकदा कागदावर लिहूनही दिलं होतं. पण लिफ्टमध्ये समोर एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर कसं शिंकायचं? म्हणून नाक-तोंड दाबून शिंकले. हवा बाहेर जायची ती नाकाशेजारच्या हाडातल्या पोकळीतून गालात गेली.

"सौजन्य नडलं," बहीण म्हणाली. "आधी शेजाऱ्यापायी गाल फोडला, आता परक्या बाईपायी."

स्कॅन काढला. वरची कमान, नसेभोवतीची, जशीच्या तशी होती. खालची, सरांनी धरलेली कपची मात्र एका टोकाला उचकटली होती. फार नाही, मिलिमीटरभर. सरांनी स्कॅन बराच वेळ पाहिला. पुन्हा उघडायचं का, असं विचारलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. डिंकताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं, की ते त्या कपचीत आपला हात बघतायत.

ती म्हणाली, नाही उघडायचं. कपची सुटलेली नाही, दुसऱ्या टोकाने घट्ट आहे. शिंकेच्या त्या जोराला पट्टीसुद्धा डगमगली असती. पुन्हा उघडलं तर वरची चांगली कमान उगाच धोक्यात येईल. हवा आपोआप जिरेल, हाड आहे तिथे भरून येईल, आणि गालावर बाहेरून काही दिसणार नाही. मग तिने बँडमास्तरांना तो स्कॅन दाखवला आणि हेच सगळं त्यांनाही सांगितलं. कपची हलली आहे, ती तशीच ठेवण्यात शहाणपण आहे. त्यांनी विचारलं, चूक माझी ना? ती म्हणाली, अर्धी तुमची, अर्धी त्या बाईंची. पण यापुढे कुणाच्याही तोंडावर खुशाल शिंका.

आपल्या नोंदवहीत तिने त्या दिवशी लिहिलं: आठवा रुग्ण, आठवा दिवस, चौथी कपची एक मिलिमीटर सरकली. कारण, शिंक. सर बाजूला उभे राहून वाचत होते. त्यांनी पेन मागून घेतलं आणि खाली सही केली. कुणी मागितलेली नव्हती.

हवा पाच दिवसांत जिरली. तिसऱ्या आठवड्यात ओठाला मुंग्या येऊ लागल्या. बँडमास्तर वैतागले, पण डिंकताई इतकी खूश झाली की तिने सिस्टरला बोलावून ते पुन्हा सांगायला लावलं. झोपलेली नस जागी होताना अशीच चावते. सातव्या आठवड्यात त्यांना गरम चहा गरम लागला. दहाव्या आठवड्यात तिने बोथट सुई काढली, त्यांनी डोळे मिटले, आणि बोट पटापट वर जाऊ लागलं. एकच जागा मुकी राहिली, नाकपुडीच्या खाली, शर्टाच्या बटणाएवढी. ती येईल का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, वर्षभर वाट बघू, पण तिच्या भरवशावर राहू नका. मग फुंकायला परवानगी दिली. रोज पाच मिनिटं, हळू सूर, आणि गाल दुखला की थांबायचं.

पुढच्या चार महिन्यांत काय झालं ते तिला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, कधी त्यांच्याकडून तर कधी बहिणीकडून. पहिल्या आठवड्यात जो आवाज निघाला त्याला बहिणीने खाट सरकवल्याचा आवाज म्हटलं. बटणाएवढी मुकी जागा वाटीच्या खालीच यायची, म्हणून त्यांनी वाटी थोडी उजवीकडे सरकवली. अडतीस वर्षांचं वळण मोडून नवं लावलं. वरचे सूर अजून फाटत होते. तेव्हा त्यांनी बँडमधल्या एका बाईंना बोलावलं. त्या दिवसभर पोस्टात काम करायच्या आणि पंधरा वर्षं दुसऱ्या खुर्चीत बसून साथीचं, खालच्या सुरांचं ट्रम्पेट वाजवत आल्या होत्या. त्यांना त्यांनी पहिली खुर्ची दिली आणि स्वतः दुसऱ्या खुर्चीत बसले. बहिणीला वाटलं, हा आता तोंड पाडून बसेल. पण महिन्याभराने ते तिला म्हणाले, की दुसऱ्या खुर्चीतून बँड पूर्ण ऐकू येतो. इतकी वर्षं मी फक्त मलाच ऐकत होतो.

एका रविवारी डिंकताई बाबांना घेऊन बागेत गेली. सरही आले होते, पत्नीबरोबर. एव्हाना ते निवृत्त झाले होते, आणि तरीही आठवड्यातून दोन दिवस रुग्णालयात येत. नव्या डॉक्टरांना चिमटा कसा धरायचा ते शिकवायला, मनगट टेकवून. बाबा आणि सर एका बाकावर बसले आणि लाकूड मोठं की हाड मोठं यावर दोघांची अशी जुंपली, की बँड सुरू झाल्याचं त्यांना कळलंच नाही.

डिंकताईने डोळे मिटून ऐकलं. पोस्टातल्या बाईंचा सूर वर, स्वच्छ. त्याच्या खाली दुसरा एक, थोडा घोगरा, पण ठाम. तो कुठेही डगमगला नाही.

मध्यंतरात बँडमास्तर चौथऱ्यावरून खाली उतरले. ती नमस्कार-चमत्कार करत बसली नाही. तिने सरळ अंगठा त्यांच्या डोळ्याखालच्या हाडावर ठेवला आणि कडेकडेने फिरवला. वर एकसारखं गुळगुळीत, आणि खाली एक बारीकसा उंचवटा, जो तिच्याशिवाय कुणाला सापडला नसता.

"सुट्टीच्या दिवशी तरी सोडा हो डॉक्टर," ते म्हणाले.

"मंगळवारी अकराला या," ती म्हणाली. "शेवटचा स्कॅन काढू. आणि बाहेर बाकावर एक जण बसलेले असतील, त्यांच्याशी जरा बोला. कपाळ फुटलंय, सात तुकडे, आणि गोंदाला बिचकतायत. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील."

बँडमास्तर बरं म्हणाले. तेवढ्यात वरून पोस्टातल्या बाईंनी हाक मारली, आणि ते ट्रम्पेट काखेत मारून लगबगीने पायऱ्या चढून गेले.